किहीमकरांच्या खुर्च्या

ज्याला आकार नाही त्याला डोळे मिटून आणि ज्याला आपण आकार दिला त्याला डोळे उघडून, असे दोन्ही नमस्कार करतो. वाणी त्याची, चुका माझ्या. ऐकणाऱ्यांनी घटकाभर चित्त द्यावे, एवढेच मागणे आहे.

१

आमचे घर मेलबर्नमधील क्लेटनला. आमचे म्हणजे माझी लेक अपर्णा, जावई सुजित आणि दहा वर्षांची नात उर्वी यांचे. मी शिवराम, पत्नी निवर्तल्यावर त्यांच्याकडे येऊन राहिलेला शहात्तर वर्षांचा माणूस. एका छपराखाली दोन बिऱ्हाडे आणि मध्ये एकच भिंत, अशी येथे युनिटे असतात. माझी खोली त्या भिंतीला लागून. भिंतीपलीकडची खोली अगदी माझ्याच मापाची, आरशात पाहिल्यासारखी. तेथे रूबेन किहीमकर राहत.

किहीमकर एक्क्याऐंशी वर्षांचे, अलिबागजवळच्या किहीमचे बेने इस्राएल. कोकणातले हे यहुदी लोक घरी मराठीच बोलतात. आमची ओळख झाली तीच भांडणाने. मी सकाळी पूजा आटोपून अभंग म्हणत होतो, तर कुंपणापलीकडून आवाज आला, "अहो, चाल चुकलीत. दुसऱ्या चरणाला खाली उतरायचं."

"आपल्याला काय माहीत?" मी जरा घुश्शातच विचारले.

"आमच्याकडेही कीर्तनं व्हायची. कथा अब्राहामाची नि मोशेची, पण चाल तुमचीच उचललेली. चोरलेला माल चोरालाच नीट ठाऊक असतो!"

त्या दिवसापासून ते मला पंत म्हणू लागले आणि मी त्यांना रूबेनराव.

रोज दुपारी अडीच वाजता रूबेनराव त्यांच्या धर्मशास्त्राची जाडजूड पोथी वाचायला बसत. ती पोथी त्यांच्यात एकट्याने वाचत नाहीत. दोघे समोरासमोर बसतात. एक वाचतो, दुसरा अडवतो. वाचणाऱ्याने उत्तर द्यावे, अडवणाऱ्याने त्या उत्तरावर पुन्हा प्रश्न काढावा. त्यांच्यासमोर बावीस वर्षे एझ्रा नावाचे गृहस्थ बसत आले होते. जन्माने बगदादचे, राहायला कॉलफिल्ड उपनगरात, अलीकडे तेथल्या वृद्धाश्रमात. दोघांची खडाजंगी भिंतीतून ऐकत दुपारी डोळा लागणे, हा माझ्या म्हातारपणाचा एक सुखाचा भाग होता. अर्थ कळत नसे, पण तो वाद भजनाच्या ठेक्यासारखा अंगात भिनला होता.

मार्चमध्ये साथ आली आणि एझ्रा येईनासे झाले. जुलैमध्ये ते त्या वृद्धाश्रमातच वारले. मातीला परवानगी मोजून दहा माणसांची. अकरावे रूबेनराव. त्यांनी मित्राची माती फोनच्या पडद्यावर पाहिली.

२

ऑगस्टच्या मध्यावर आम्ही कुंपणाच्या दोन बाजूंना, तोंडाला मास्क लावून, उन्हाला उभे होतो. घराबाहेर फिरायला दिवसात एक तासाची मुभा होती. आम्ही दोघे तो तास तेथेच घालवत असू.

"पंत, मी आता कोणाशी भांडू?" रूबेनराव म्हणाले.

मी कुंपणाच्या जरा जवळ सरकलो.

"अकरा पानं उरलीत पोथीची. मार्चमध्ये एझ्रानं शेवटच्या दिवशी मला एक प्रश्न घातला. म्हणाला, आज झोप जाऊ दे तुझी, उत्तर उद्या दे. तो उद्या आलाच नाही. उत्तर त्या अकरा पानांत कुठंतरी आहे. हा आमचा एलूल महिना लागतोय ना, तो संपायच्या आत पोथी पुरी करून त्याच्या नावानं सोडायची आहे. नाहीतर माझा एझ्रा प्रश्न विचारून, उत्तर न ऐकताच गेला असं होईल."

"मग वाचा की. अडचण कसली?"

"दोघांनी धरलेलं एकट्यानं कसं पुरं करू?"

मग त्यांनी मला सांगितले ते फार जुने होते. फरात नदीच्या काठी, आजच्या इराकात, सुरा आणि पुंबदिता अशी दोन गावे होती. तेथे त्यांची विद्यापीठे. वर्षातून दोनदा, त्यातला एक महिना हाच एलूलचा, शेतकरी, व्यापारी, कारागीर आपापले काम टाकून तेथे जमत आणि शास्त्राची उजळणी करत. गुरूच्या समोर सात ओळी, एका ओळीत दहा माणसे. प्रत्येकाची जागा ठरलेली. बाप गेला की लायक मुलगा त्या जागेवर बसे. मुलगा नसेल तर मागच्याने पुढे सरकायचे. दूरदूरच्या देशांतून प्रश्नांची पत्रे येत; उत्तर पोहोचायला वर्ष, दोन वर्षे लागत.

"तोवर विचारणारा मेला तर?" मी विचारले.

"तरी उत्तर जायचंच," रूबेनराव म्हणाले. "प्रश्न मरत नाही ना."

येथे माझी चूक झाली. मायेने झाली, पण झाली. मी म्हणालो, "रूबेनराव, आमच्याकडे कथा लावली की एक पाट रिकामा ठेवतात. कोण ऐकायला येईल सांगता येत नाही, आलेल्याला बसायला जागा असावी. तुम्हीही समोर एक खुर्ची मांडा आणि वाचा."

त्यांनी मान हलवली. "एलियाहू नबीसाठी आम्ही खुर्ची ठेवतो, पण ती सुंतेच्या वेळी. अभ्यासाला नाही. अभ्यासात रिकामी जागा म्हणजे मोकळी जागा नसते, पंत. ती कोणाची तरी असते."

"मग एझ्रांची समजा."

"बघू," ते म्हणाले.

३

गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी त्यांचा एलूल लागला. अडीच वाजता भिंतीपलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला आणि रूबेनराव वाचू लागले. मला बरे वाटले. मी डोळे मिटले.

पाच-सहा दिवस असे गेले. मग एका दुपारी लक्षात आले की ते मध्येच थांबत आहेत. थांबण्यात नवल नव्हते. वय झालेला माणूस दम घ्यायला थांबतोच. पण मी जन्मभर भजनात बसलो आहे, गाणाऱ्याचा श्वास ओळखतो. आपण होऊन थांबणारा माणूस आधी श्वास सोडतो. ज्याला कोणी थांबवतो, त्याचा श्वास अर्ध्यातच अडकतो. रूबेनराव तसे थांबत होते. आणि थांबल्यावर थोडे मागे जाऊन, चूक सुधारावी तसे, तेच वाक्य पुन्हा वाचत होते.

मी मनाची समजूत घातली. फोनवर कोणी असेल. येथील प्रार्थनास्थळातून कोणी वाचून घेत असेल. दुसऱ्या दिवशी मला हलकी कुजबुजही ऐकू आली. तीही फोनचीच म्हटली.

तिसऱ्या दिवशी माझ्यातला जुना शाळामास्तर जागा झाला. मी कानातले यंत्र काढून उशाशी ठेवले. यंत्राशिवाय मला शेजारी बसलेल्याचे बोलणे कळत नाही. शेजारच्या खोलीतला उर्वीचा ऑनलाइन वर्ग विझला. रस्त्यावरची बस नाही, गाडी नाही, स्वयंपाकघरातला मिक्सर नाही. सगळे घर पाण्याखाली गेल्यासारखे झाले.

रूबेनरावांचा आवाजही गेला.

कुजबुज मात्र राहिली. तेवढीच. जराही कमी न होता.

४

पितृपंधरवडा लागला तशी कुंपणावर मागणी आली.

"पंत, एखादी खुर्ची मिळेल का जादा?"

"का? मोडली?"

"नाही. भरली." ते हसले. मास्कच्या वर त्यांचे डोळे कित्येक आठवड्यांनी ताजे दिसत होते.

"एझ्रा आले?" मी आवाज खाली आणून विचारले.

"एझ्रा असता तर एवढ्यात मला तीनदा गाढव म्हणाला असता. नाही, तो नाही. हे वेगळे आहेत. फक्त ऐकतात. चुकलो की थांबवतात."

"रूबेनराव, आपण नीट जेवता ना?"

"जेवतो, झोपतो, पेपर वाचतो, शुद्धीवर आहे. माझी तपासणी मी आधीच केलीय, पंत. पण एक बसला की त्याच्यामागच्याला जागा लागते. पद्धतच आहे तशी."

मी आमची बागेतली प्लास्टिकची खुर्ची कुंपणावरून दिली. दोन दिवसांनी दुसरी. मग उर्वीच्या अभ्यासाची जुनी फिरती खुर्ची. ती देताना उर्वी खिडकीतून पाहत होती.

"आजोबा, हाउ मेनी बॉटम्स डझ ही हॅव?" ती म्हणाली आणि आपल्याच विनोदावर खिदळली. मग गंभीर झाली. "ही'ज नॉट अलाउड व्हिजिटर्स, यू नो."

अपर्णाने भाकरी थापता थापता विचारले, "अण्णा, खरंच कोणाला बोलावतायत का काका? पोलीस आले तर केवढ्याला पडेल! आणि त्यांचं वय बघा."

"कोणी येत नाही," मी म्हणालो.

"मग खुर्च्या कशाला?"

"पुस्तकं ठेवायला," मी म्हणालो. पंधरवड्यात खोटे बोलू नये असे माझी आई सांगे.

५

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रूबेनरावांना खोकला लागला. चाचणी झाली, साथीचा नव्हता. हृदय थकले आहे, असे डॉक्टर फोनवर म्हणाले. मी कुंपणापाशी उभा राहिलो, तर ते बादलीवर बसून बोलले. घरातल्या खुर्च्या, ते म्हणाले, आता मोकळ्या नाहीत.

"दीड पान उरलंय. पण एक घोटाळा आहे, पंत. हे ऐकतात, अडवतात, पण मी बरोबर वाचलं तर होय म्हणत नाहीत. होय म्हणायला जिवंत माणूस लागतो. त्याशिवाय पुढं जाता येत नाही. मी काल त्याच ओळीवर तासभर बसून होतो."

"मला तुमची भाषा कुठे येते?"

"कहाणी ऐकताना लहानपणी काय करायचो आपण?"

"हुंकार द्यायचो."

"तेवढाच द्या. भिंतीपलीकडून. मी थांबलो की हं म्हणा. अर्थ नको. ऐकलं एवढंच पुरे."

हुंकाराला कोण नाही म्हणेल? संतांनी तर सांगून ठेवले आहे की देवसुद्धा भक्ताच्या शब्दाला हुंकार देत उभा असतो. दुसऱ्या दिवशी अडीच वाजता मी पलंगावर भिंतीला कान लावून बसलो. ते थांबले, मी मोठ्याने "हं" म्हणालो. वाचन पुढे सरकले. मला लहान मुलासारखा आनंद झाला. बावीस वर्षे भिंतीपलीकडे चाललेल्या त्या खेळात मला शेवटच्या पानाला का होईना, घेतले होते.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, माझ्या औषधाची गुंगी होती. बसल्या बसल्या डोळा लागला आणि जाग आली तेव्हा चार वाजून गेले होते. मी शरमेने कुंपणापाशी गेलो.

"रूबेनराव, आज माफ करा—"

"माफ कसलं? आज तर बहार झाली!" ते धाप टाकत म्हणाले. "केवढा भरून आला हुंकार. एकट्याचा वाटेना. किती जण बसला होतात?"

मी घरात परतलो. माझी खोली जशीच्या तशी होती. पलंग, देव्हारा, वहीवर ठेवलेला चष्मा. फक्त पलंगासमोरच्या सतरंजीवर, एका ओळीत, बसल्याच्या खोलगट खुणा होत्या. उर्वी आणि तिच्या बाहुल्या, मी म्हणालो. उर्वीने बाहुल्या दोन वर्षांपूर्वीच कोणाला तरी देऊन टाकल्या होत्या.

सोमवारी अडीच वाजता मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. अपर्णाने विचारले तर म्हणालो, मटार सोलतो. ओट्यापर्यंत काहीच ऐकू येत नव्हते. मी मटार सोलत राहिलो. पलीकडे माझा मित्र एका ओळीवर थांबला असेल, वाट पाहत असेल, हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही मी उठलो नाही. या कथेत भीती वाटण्यासारखे जे काही आहे, त्यात मला सर्वांत जास्त भीती त्या तासाची वाटते.

६

मंगळवारी सकाळी ॲम्ब्युलन्स आली. रूबेनरावांनी स्वतःच फोन केला होता. झगे घातलेल्या दोघांनी त्यांना स्ट्रेचरवर बाहेर आणले. मी आमच्या दाराशी हात जोडून उभा होतो.

त्यांनी नाकावरचा प्राणवायूचा मुखवटा जरासा उचलला. "पंत, अर्धं पान राहिलं."

"काल मी—"

"माहितीये. घाबरलात." त्या आवाजात राग नव्हता. "मीसुद्धा घाबरलोय. पोथी आत आहे, तेवढी घ्या. घर बंद करा. शुक्रवारी महिना संपतो."

त्या झगेवाल्या मुलीने मुखवटा परत नाकावर बसवला. "नो वरीज, डार्लिंग, वी'ल गेट यू बॅक होम," ती म्हणाली. फार चांगली मुलगी होती.

किल्ली घेऊन मी त्यांच्या घरात गेलो. खोलीचे दार लोटले. आमच्या तीन खुर्च्या ओळखू आल्या. त्यांच्या जेवणाच्या सहा होत्या. म्हणजे नऊ. खोली माझ्याच मापाची, बारा फूट लांब. नऊ खुर्च्यांनी ती दाटून जायला हवी होती. दाटली नव्हती. पडदे ओढलेले होते, उजेड थोडा होता, आणि खुर्च्यांच्या पाठी एकीमागे एक दिसत होत्या. चौथ्या ओळीपर्यंत मी मोजल्या. चौथ्या ओळीच्या मागेही काही होते. मग मोजणे सोडले, कारण ती खोली तेवढी लांब नाही.

रूबेनरावांचे टेबल खिडकीपाशी होते. गुरूने बसावे तशी जागा ती. पण एकही खुर्ची टेबलाकडे वळलेली नव्हती. सगळ्यांची तोंडे मधल्या भिंतीकडे होती. माझ्या खोलीकडे.

मी टेबलावरची पोथी उचलली, नकळत वाकून नमस्कार केला, आणि पाठ न वळवता बाहेर आलो.

७

गुरुवारी सर्वपित्री अमावस्या. कावळा काही फिरकला नाही. मी मागच्या अंगणात पान वाढले आणि दोन मॅगपाय पक्ष्यांनी ते नेले. हात धुऊन आत आलो तर रूबेनरावांच्या लेकीचा इस्राएलमधून फोन आला होता. पहाटे गेले. तिला येता येत नव्हते, सीमा बंद. "अंकल, पप्पा एकटे होते का हो?" तिने मराठीत विचारले. मी म्हणालो, नाही. ते खोटे नव्हते असे मला वाटते.

शुक्रवारी सकाळी त्यांची माती झाली. मी अकरावा होतो. फोनच्या पडद्यावर पाहिली.

अडीच वाजता मी खोलीचे दार लावले. सतरंजी झटकून अंथरली. चौरंगावर पोथी ठेवून ती खुणेच्या जागी उघडली. ती लिपी मला आडव्या पडलेल्या पक्ष्यांसारखी वाटते. एक अक्षर येत नाही. पण माझे काम वाचण्याचे नव्हतेच. एका मेलेल्या माणसाने विचारले होते आणि दुसऱ्या मेलेल्या माणसाला उत्तर द्यायचे होते. मध्ये एक जिवंत "हं" कमी पडत होता आणि तो मी सोमवारी मटारांच्या सालांत टाकून आलो होतो.

मी कानातले यंत्र काढून ठेवले. घर पाण्याखाली गेले.

"वाचा, रूबेनराव," मी म्हणालो.

खूप वेळ काही झाले नाही. मग भिंतीपलीकडून नव्हे, चौरंगाच्या समोरून, धाप न लागलेला त्यांचा आवाज आला. मी मान वर केली नाही. पानावर दृष्टी ठेवली. ते थांबले. मी म्हणालो, "हं." ते पुढे गेले. मागे माझ्या पाठीशी सतरंजी दबत होती. एकाच्या बसण्याने, मग दुसऱ्याच्या. खोली मागे मागे लांब होत चालल्यासारखा तेथला गारवा वाढत होता. तरी प्रत्येक थांब्याला मी हुंकार दिला. एकही चुकवला नाही. आता शिकलो होतो, आणि ज्याच्यासाठी शिकायचे तो गेला होता.

शेवटच्या ओळीशी रूबेनराव थांबले. आणि हसले. वादात जिंकल्यावर ते जसे हसत, तसे. एझ्राला सांगायचे ते सापडले असावे. काय सापडले, हे मला कधीच कळणार नाही.

"हं," मी म्हणालो, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आले.

पोथी पुरी झाली. माझ्या पाठीमागे शांतता पसरली आणि त्या शांततेत, गुरू उठल्यावर सभा उठावी तशी, पुष्कळ माणसे एकदम उठून उभी राहिल्याची सळसळ झाली. पहिली ओळ, मग तिच्यामागची, मग तिच्यामागची. पार दूरपर्यंत.

तेव्हाच दार उघडले. अपर्णा बाजारहाट करून नुकतीच आली होती. मास्क हनुवटीखाली ओढलेला, हातात पिशवी. ती उंबऱ्यावर थबकली. तिने माझ्याकडे पाहिले नाही. माझ्या मागे, भिंत असायला हवी तेथून कितीतरी पुढे, तिची नजर गेली. मग अनोळखी लोकांनी भरलेल्या खोलीत शिरताना आपण त्या दिवसांत करत असू तसे, तिने मास्क नाकावर ओढला, पदर नसलेल्या खांद्याशी हात नेला, आणि वडीलधारी माणसे आपल्यासाठी उठून उभी राहिली की सुसंस्कृत घरची लेक म्हणते तसे ती ओशाळून म्हणाली. ओठ मास्कमागे होते आणि यंत्र कानात नव्हते, तरी मला तिचा शब्दन् शब्द ऐकू आला:

"अहो, बसा ना. माझ्यासाठी कशाला उठलात सगळे?"

ज्यांना शेवटचा हात धरायला कोणी नव्हते, त्यांचा हात त्या दयाघनाने धरावा. ज्यांचे प्रश्न अर्धे राहिले, त्यांना उत्तर पोहोचावे. ही कथा ज्यांनी ऐकली त्यांच्या घरी दिवा तेवत राहो, लेकरे सुखरूप परत येवोत, आणि कोणीही बोलता बोलता थांबले, तर पलीकडून "हं" म्हणणारे माणूस प्रत्येक घरात असो.